सतरंजीवरचा अबोला

निफाडच्या थंडीची बातमी दर वर्षी पेपरात येते आणि दर वर्षी निफाडकरांना तिचा थोडा अभिमानच वाटतो. ही गोष्ट ज्या वर्षातली आहे, त्या वर्षापर्यंत मात्र अभिमान ओसरून काळजी वाढली होती. उत्तरेकडच्या थंड लाटा आता पाहुण्यांसारख्या येऊन जात नसत, मुक्कामच ठोकत. पहाटे वेलींना ऊब मिळावी म्हणून द्राक्षबागांत शेकोट्या पेटत, त्यांचा धूर धुक्यात मिसळून खाली बसे, आणि ऊन चांगलं वर येईपर्यंत वयस्कर माणसांनी उंबरठा ओलांडू नये असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं.

चारुशीलाबाई बोरस्ते ही आज्ञा मनापासून पाळत. इतकी, की बाहेर जायचं नाही म्हटल्यावर त्यांनी घरात हलणंही सोडून दिलं होतं. मागच्या हिवाळ्यात त्या हीटरजवळच्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. मांडीवर शाल, हाताशी डिंकाच्या लाडवांचा डबा आणि समोर मालिका. शेवटी पौषातल्या एका सकाळी छातीवर पाटा ठेवल्यासारखं झालं आणि त्यांच्या यजमानांनी, विलासरावांनी, बाग, शेकोट्या सगळं तसंच टाकून त्यांना नाशिकला नेलं.

जीव वाचला. डॉक्टरांनी नंतर समोर बसवून समजावलं होतं. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्त घट्ट होतं, आणि त्याच अरुंद वाटेने ते ढकलायला हृदयाला दुप्पट जोर लावावा लागतो. माणूस हलला, की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू किंचित किंचित सोडतं आणि त्याने वाट सैल होते. माणूस बसून राहिला, की अस्तरही आळसावतं. तेव्हा येता हिवाळा घरातल्या घरात रोज चालून काढला, तर शिवरात्रीनंतरच्या तपासणीत ऑपरेशन टळेल, नाहीतर छाती उघडावी लागेल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

छाती उघडण्याची चारुशीलाबाईंना तितकी भीती नव्हती. भीती वेगळीच होती. लग्नानंतर सहा वर्षांनी त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, पूर्वाला, दिवस गेले होते. पौषात बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. शेक-शेगडी, अळिवाची खीर, बाळाचं न्हाऊ-माखू हे सगळं त्यांना स्वतःच्या हातांनी करायचं होतं. आणि तब्येत ढासळून ऑपरेशन मध्येच उभं राहिलं, तर पूर्वाला धुळ्याला सासरी पाठवावं लागणार होतं, म्हणजे हेमलताबाई देसल्यांच्या हवाली करावं लागणार होतं. त्यापेक्षा चालणं बरं, असं त्यांनी ठरवलं.

ठरवणं सोपं असतं. पहिल्या आठवड्यात त्या दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात आणि तिथून परत अशा चालल्या. पण दर खेपेला स्वयंपाकघरात काहीतरी तोंडात पडू लागलं. चालण्याचं यंत्र आणलं, त्यावर आठ दिवसांत टॉवेल वाळू लागले. एकट्याने चार भिंतींत चालायचं म्हणजे शिक्षाच, असं त्या म्हणायच्या. शेवटी नाशिकच्या हृदय केंद्रातून ऋजुता नावाची मुलगी एक जाडसर, करडी सतरंजी गुंडाळून घेऊन आली.

ती सतरंजी दिसायला साधीच होती. तिच्या पोटात मात्र बोटाच्या पेराएवढ्या शेकडो उशा होत्या, हवेने फुगणाऱ्या आणि बसणाऱ्या. ऋजुताने चहा पिता पिता सांगितलं, की दोन माणसं बरोबर चालू लागली की पावलं जुळतात, पावलांमागून श्वास जुळतो आणि श्वासामागून हृदयाचे ठोकेही एकमेकांकडे सरकतात, हे जुनंच ज्ञान आहे. नवीन लागलेला शोध असा, की लय अशी जुळली की तेवढ्याच मेहनतीचा हृदयावर ताण कमी पडतो, आणि त्यासाठी दोघं एका खोलीत असण्याचीही गरज नसते. दुसऱ्याची पावलं तळव्यांना कळली आणि त्याची नाडी मनगटाला कळली की पुरे. म्हणून ही सतरंजी आणि हा मनगटी पट्टा. राज्यात कुठेतरी अशाच सतरंजीवर दुसरं माणूस जागच्या जागी चालेल, त्याचं पाऊल तुमच्या तळव्याखाली उमटेल, तुमचं त्याच्या. दोघांपैकी ज्याचं हृदय आधी थकेल, त्याच्या चालीवर सतरंजी दोघांनाही आणेल. कोण थकलं ते सांगणार नाही.

"आणि ते दुसरं माणूस कोण?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

ते मलाही कळत नाही, जोड्या यंत्रच लावतं, असं ऋजुता म्हणाली. नाव नाही, आवाज नाही, चेहरा नाही. सुरुवातीला ओळखीच्यांच्या जोड्या लावून पाहिल्या होत्या. नवरा-बायको, जावा, शेजारणी. सगळे चढाओढ करायला लागले आणि दोघांना दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून नियम कडक आहे. ओळख पटली तर केंद्राला कळवायचं, म्हणजे जोडी सोडवून दुसरा जोडीदार शोधता येतो, अर्थात त्याला महिना लागू शकतो. दोन जोडीदारांचे पट्टे एका छताखाली आले, तर कळवण्याचीही गरज नाही, जोडी आपोआप सुटते.

पहिल्या तीन जोड्या फसल्या. एक जण घोड्यासारखा धावायचा, एक मध्येच गायब व्हायचा, आणि तिसऱ्याला बहुधा झोपेतून उठवून उभं केलेलं असायचं. चौथी जोडी लागली ती मार्गशीर्षात, आणि चारुशीलाबाईंच्या तळव्यांना पहिल्याच सकाळी ती पावलं पटली. घट्ट, एकसारखी, कुठे घाई नाही. चारुशीलाबाईंना यायला उशीर झाला, तर पलीकडचं पाऊल चवड्याने हळूच टकटक करत वाट पाही. दमून थांबल्या तर तेही थांबे.

"बाईच आहे," त्यांनी विलासरावांना सांगितलं.

"कशावरून?"

"मध्येच पळत जाऊन येते. कुकरची शिट्टी झाली असणार. पुरुषाला शिट्टी ऐकू येते का कधी?"

विलासरावांनी पेपर तोंडासमोर धरला, कारण त्या दिवशीच्या शिट्टीला तेही हलले नव्हते. पुढे पुढे त्यांना रोज नाश्त्याबरोबर सोबतिणीची बातमी मिळू लागली. आज तिचा गुडघा दुखतोय, आज खुशीत आहे, आज कुणाशी तरी वाजलं असावं. पस्तीस वर्षांच्या संसारात मला इतकं कधी ओळखलं नाहीस, असं ते म्हणाले, आणि चारुशीलाबाई म्हणाल्या, तुम्ही कधी माझ्या पायाने चाललात का. पण त्यांच्या गालांवर रंग आला होता, जिना चढताना धाप लागत नव्हती, आणि लाडवांचा डबा पूर्वा आली तेव्हा रिकामा, घासून पालथा घातलेला होता. पूर्वा नवव्या महिन्यात माहेरी आली होती. आईला सतरंजीवर गाणं गुणगुणत चालताना पाहून तिला हसू आवरेना. बोलता बोलता तिने सांगितलं, की धुळ्याच्या आईंचंही हृदयाचं काहीतरी निघालंय, त्यांनाही डॉक्टरांनी पथ्य लावलंय. चारुशीलाबाईंनी 'असेल, बाई' म्हटलं आणि विषय मेथीच्या भाजीवर नेला.

हेमलताबाईंचं नाव निघालं की त्या घरात विषय भाजीवर जायचाच. त्याचं कारण एक साडी होती. पूर्वाच्या लग्नात ऐन वेळी मानाच्या साड्यांत एक कमी पडली. घाईघाईत चारुशीलाबाईंनी कपाटातली आहेराची चळत उपसली आणि कुणाकुणाकडून आलेली, घडी न मोडलेली एक जांभळी नारायणपेठ विहीणबाईंच्या ताटात ठेवली. आहेराच्या साड्या अशा घरोघर फिरतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. फक्त फिरणारी साडी तिच्या मूळ मालकिणीला पोचू नये एवढी काळजी घ्यावी लागते. ही पोचली. हेमलताबाईंनी ती स्वतः धुळ्याच्या बाजारात निवडून येवल्याच्या नणंदेला वास्तुशांतीला दिली होती. भर विहीणपंगतीत त्यांनी पदर उलगडून पाहिला आणि मोठ्याने म्हणाल्या, "ही तर फिरून फिरून दमली असेल, हिला आधी पाणी द्या." पंगत खो खो हसली. चारुशीलाबाईंचा चेहरा उतरला, मग तापला, आणि विहीणबाईंची मापं काढत एकेक उणं त्यांनीही बोलून दाखवलं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. काही सांगायचंच झालं, तर 'तुझ्या सासूबाईंना म्हणावं' आणि 'तुझ्या आईला म्हणावं' असा पूर्वामार्फत व्यवहार चाले. घरच्या ग्रुपवर एकमेकींच्या निरोपाला त्या अंगठासुद्धा देत नसत.

संक्रांतीच्या सुमारास पूर्वाला कळा सुरू झाल्या. जावई तेजस आलेलाच होता. तो आणि विलासराव तिला नाशिकला घेऊन गेले. त्या पहाटेच्या गारठ्यात चारुशीलाबाईंना न्यायला कुणी तयार नव्हतं. ऊन वर आलं की गाडी पाठवतो, तोवर रोजच्यासारखं चाला, म्हणजे मन शांत राहील, असं तेजसने बजावलं. चष्मा आणि मोबाइल स्टुलावर ठेवून त्या सतरंजीवर उभ्या राहिल्या. पलीकडची पावलं आज आधीच आली होती आणि त्यांनाही कुठे स्वस्थता दिसत नव्हती.

थोड्या वेळाने मोबाइल वाजला. त्यांनी चष्मा चढवून पाहिलं, घरच्या ग्रुपवर तेजसचा निरोप होता. मुलगी झाली, पूर्वा बरी आहे.

चारुशीलाबाई जागच्या जागी थांबल्या. त्याच क्षणी पलीकडची पावलंही थांबली, आणि मग तळव्यांखाली दोन छोट्या उड्या उमटल्या, फुगडीला उभ्या राहिलेल्या पोरीसारख्या. माझा आनंद पट्ट्यातून तिला पोचला, असं वाटून चारुशीलाबाईंना भरून आलं. डोळे पाण्याने भरले, चष्म्यावर वाफ धरली. त्या तो पदराने पुसत होत्या तेवढ्यात मोबाइल पुन्हा वाजला.

आणि मनगटावरची टिचकी एकदम धावू लागली. ती त्यांची नाडी नव्हती, सोबतिणीची होती. चारुशीलाबाईंना नवल वाटलं. आपण तर अजून काही वाचलंही नाही, मग ही कशाने घाबरली? त्यांनी चष्मा लावला आणि निरोप वाचला. बाळाला श्वास घ्यायला थोडा त्रास होतोय, काचेच्या पेटीत ठेवलंय.

त्यांच्याही छातीत धस्स झालं, पण त्या धसक्यातही एक गोष्ट त्यांच्या डोक्यात लखकन उजळली. हा निरोप जगात पाचच मोबाइलवर पोचला होता. पाठवणारा तेजस. विलासराव त्याच्या शेजारी उभे. पूर्वा खाटेवर. चौथ्या त्या स्वतः. राहिला तो धुळ्यातला एक मोबाइल.

पहिला विचार आला तो सतरंजीवरून उतरायचा. त्यांनी पाय उचललाही. तेवढ्यात दुसऱ्या तळव्याखाली एक पाऊल उमटलं. हळू, थरथरतं. मग दुसरं. पलीकडे धुळ्याच्या रिकाम्या घरात एक घाबरलेली बाई एकटीच चालायला लागली होती. तेजसचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, तिथे हात धरायलाही कुणी नव्हतं. चारुशीलाबाईंचा उचललेला पाय परत सतरंजीवर टेकला. दोघी चालत राहिल्या. त्या बाईबद्दल मनात साठवलेलं सगळं त्या वेळी कुठे गेलं होतं कोण जाणे. दोघींना एकच नात होती आणि ती काचेच्या पेटीत होती.

तिसरा निरोप आला. बाळ खणखणीत रडलं, पेटीतून बाहेर काढलंय. या वेळी कुणी उडी मारली नाही. दोघी आपापल्या गावात, सतरंजीवर नुसत्या उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने मनगटावरची टिचकी शांत झाली.

दुसऱ्या दिवशी भीती गेलेली होती, त्यामुळे राग परत आला. दीड महिना आपण जिच्याबद्दल घरभर गुण गात होतो ती ही? चारुशीलाबाईंनी सतरंजीवर पाय ठेवला तो आपटूनच. आज बघतेच हिच्यात किती दम आहे ते, असं म्हणून त्या सुटल्या. सतरंजीने चाल कमी करायला पाहिलं तरी त्यांनी जुमानलं नाही. धाप लागली, पाठीला घाम फुटला, छातीत एक बारीक ओळखीचं ओझं सरकलं आणि त्या घाबरून थांबल्या. पलीकडे पावलं कधीचीच थांबली होती. आता ती उतरून निघून जाईल, असं त्यांना वाटलं. ती गेली नाही. थोड्या वेळाने चवड्याने टकटक झाली, रुसलेल्या पोराला चुचकारावं तशी. एक पाऊल, थांबून दुसरं पाऊल. चारुशीलाबाई त्या चालीवर आल्या. ओझं हळूहळू उतरलं. ही हळू चाल आपण तिची समजत होतो, पण इतके दिवस तीच आपल्यासाठी हळू चालत होती, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

पूर्वा बाळाला घेऊन घरी आली. चारुशीलाबाई शेगडी पेटवत होत्या, खीर ढवळत होत्या, पायांवर नातीला घेऊन न्हाऊ घालत होत्या, आणि छाती मुकाट्याने साथ देत होती. ओळख पटली हे केंद्राला कळवायला हवं, हे त्यांना रोज आठवत होतं. कळवलं की जोडी सुटणार. माघाची थंडी समोर उभी, नवा जोडीदार कधी मिळेल सांगता येत नाही, मिळाला तरी पटेल याची खात्री नाही. हे सगळं खरं होतं. पण त्याहून खरं असं होतं, की त्यांना ती पावलं सोडवत नव्हती. म्हणून ऋजुताचा फोन आला तेव्हा त्यांनी खिरीत गूळ किती घालतात ते सांगितलं आणि बाकी काही सांगितलं नाही.

अडचण बारशाची होती. बारशाला हेमलताबाई धुळ्याहून येणार, म्हणजे दोन पट्टे एका छताखाली. चारुशीलाबाईंनी पुष्कळ विचार केला. लोखंडाच्या कपाटात मोबाइलला रेंज येत नाही, एवढं विज्ञान त्यांना ठाऊक होतं. बारशाच्या सकाळी त्यांनी पट्टा काढला, लाडवांच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात ठेवला, झाकण घट्ट लावलं आणि डबा फडताळात वरच्या फळीवर सारला.

उन्हं तापल्यावर गाडी आली. हेमलताबाई उतरल्या आणि ओटीवरच्या बायकांत एकदम कुजबुज झाली. त्या जांभळी नारायणपेठ नेसल्या होत्या. सहा वर्षांपूर्वीची, तीच. चारुशीलाबाईंनी गूळपाणी पुढे केलं, त्यांनी घेतलं, आणि दोघीही एकमेकींच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिल्या. त्यांच्यात बोलणं नाही हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही.

पाळणा फुलांनी सजला होता. एका बाजूला एक आजी, दुसऱ्या बाजूला दुसरी. एकीने पाळण्याखालून बाळ द्यायचं, दुसरीने घेऊन वरून परत करायचं, असा रिवाज. बायका गाऊ लागल्या. चारुशीलाबाईंनी दुपट्यात गुंडाळलेली नात पुढे केली आणि हेमलताबाईंचे हात खालून आले. उजव्या मनगटावर, बांगड्यांच्या जरा वर, कातडीवर एक फिकट पट्टा उमटला होता. घड्याळ काढल्यावर राहतो तसा, पण घड्याळापेक्षा रुंद.

त्यांनीही मनगटी पट्टा काढून ठेवला होता.

चारुशीलाबाईंनी वर पाहिलं. हेमलताबाईंची नजर त्यांच्या मनगटावर होती, तिथल्या तशाच फिकट पट्ट्यावर. बाळ दोघींच्या हातांत अर्ध्या वाटेवर थांबलं. मग ते खालून गेलं, वरून आलं, पुन्हा खालून गेलं. एकदाही हिसका बसला नाही, एकदाही हात चुकला नाही. नात झोपेतच राहिली. बारशी पुष्कळ पाहिली पण इतकी जुळलेली चाल नाही पाहिली, असं एक शेजारीण म्हणालीही.

नाव ठेवून झालं. बायका घुगऱ्यांकडे वळल्या तेव्हा पाळण्याजवळ दोघीच उरल्या. हेमलताबाई दोरी हलवत, पाळण्याकडे बघतच हळू आवाजात बोलल्या.

"मी धुळ्यालाच ठेवून आले, तांदळाच्या डब्यात. तुमचा कुठे आहे?"

"लाडवांच्या."

"त्या दिवशी बाळाचा निरोप आला तेव्हा संशय आला होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही सतरंजी बडवलीत आणि खात्रीच पटली. इतक्या रागाने पाय आपटणारं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे, वं."

चारुशीलाबाईंना हसू फुटलं आणि त्यामागोमाग डोळ्यांत पाणीही आलं. "विहीणबाई, त्या साडीचं... घाईत झालं हो. तुमचा अपमान करायचं मनात नव्हतं. इतकी वर्षं हे एवढं तोंडातून निघालं नाही."

"मीही चारचौघांत बोलायला नको होतं. मलाही कळत होतं." हेमलताबाईंनी पदर सारखा केला. "साडी चांगलीच आहे म्हणा. निवड माझीच होती."

ओटीवरून पूर्वा येताना दिसली. हेमलताबाईंनी दोरी चारुशीलाबाईंच्या हातात दिली आणि घाईने म्हणाल्या, "आता गप्प. बोलायला लागलो हे चार जणांना कळलं तर कसं काय ते विचारतील, आणि ते केंद्रापर्यंत पोचेल. शिवरात्रीपर्यंत अबोला धरा. मलाही माझी छाती उघडून घ्यायची नाही."

पूर्वाने जवळ येऊन पाहिलं, तर एक आजी उत्तरेला बघत होती आणि दुसरी दक्षिणेला. तिने मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

त्या सकाळचं चालणं हुकलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन डब्यांमधून दोन पट्टे निघाले आणि त्यानंतर एक दिवस हुकला नाही. माघातली शेवटची लाट सगळ्यात कडक आली. कितीतरी बागांत घड काळे पडले, विलासरावांची एक रांग गेली. चारुशीलाबाईंची छाती एकदाही कुरकुरली नाही. शिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाते म्हणतात, तशी ती गेली, आणि त्या आठवड्यात नाशिकच्या डॉक्टरांनी सगळे आलेख दोनदा पाहून सांगितलं, की ऑपरेशनची गरज उरलेली नाही.

बाहेर ऋजुता भेटली. तिचाही चेहरा फुलला होता. केंद्रातल्या सगळ्या जोड्यांत तुमची जोडी सगळ्यात स्थिर निघाली, पलीकडच्या बाईंचं ऑपरेशनही टळलंय, असं तिने सांगितलं. उन्हाळ्यातही हीच जोडी चालू ठेवायची का, तेही विचारलं. चारुशीलाबाई म्हणाल्या, ठेवायची.

"मग नियमाप्रमाणे एक विचारायला लागतं, काकू. तुमचं आणि त्यांचं कधी काही बोलणं?"

चारुशीलाबाईंनी शाल खांद्यावर ओढून घेतली.

"बोलणं? छे गं," त्या म्हणाल्या. "आमचा अबोला आहे."